आकडा मशीन देतं. तो त्याच पेशंटचा आहे का, हे कोण बघतं?

बारावी सायन्सच्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: ‘लॅब टेक्नॉलॉजिस्ट व्हायला नेमकं काय शिकावं लागतं? रोजचं काम काय असतं? आणि घरचे म्हणतात की आता सगळं मशीनच करतं, मग त्यात माणसाला करायला काय उरलं?’

मी या कामात २६ वर्षं आहे. तुझ्या प्रश्नाचा शेवटचा भाग आधी घेते. त्याचं उत्तर नीट समजलं, की इतकं शिकायचं कशासाठी हेही समजेल.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी नाइट ड्यूटीला बायोकेमिस्ट्रीच्या बेंचवर होते. वॉर्डातून सॅम्पल आलं आणि मशीनने पोटॅशियम दिलं ८.९. हे साधारण ३.५ ते ५ च्या दरम्यान असतं. ८.९ असेल तर हृदय कुठल्याही क्षणी थांबू शकतं. त्या शिफ्टचे कंट्रोल, म्हणजे मशीन नीट मोजतंय ना हे बघायची सॅम्पलं, बरोबर आले होते. सीरम, म्हणजे गोठलेल्या रक्तावरचं पाणी, स्वच्छ पिवळं होतं. पेशी फुटून पोटॅशियम बाहेर आलं की दिसते ती लाल झाक अजिबात नव्हती. मी वॉर्डला कळवायला फोन उचलला. शेजारच्या बेंचवरच्या सीनियर मॅडम म्हणाल्या, ‘‘आधी कॅल्शियम बघ.’’ कॅल्शियम होतं ३.१, म्हणजे असायला हवं त्याच्या जेमतेम तिसरा हिस्सा. अल्कलाइन फॉस्फटेज हे एन्झाइम तर जवळजवळ नव्हतंच. मॅडमनी फोन हातात घेतला आणि सिस्टरना एवढंच विचारलं, ‘‘रक्त कुठल्या बल्बमधून कुठल्या बल्बमध्ये घातलंत?’’ साध्या बल्बमध्ये, म्हणजे रक्त गोळा करायच्या छोट्या नळीत, रक्त कमी पडलं होतं, म्हणून कुणीतरी जांभळ्या टोपणाच्या बल्बमधलं थोडं त्यात ओतलं होतं. त्या जांभळ्या टोपणाच्या बल्बमध्ये पोटॅशियमचं ईडीटीए असतं. रक्त गोठू नये म्हणून ते कॅल्शियमला पकडून ठेवतं. त्यामुळे पोटॅशियम बाहेरून मिसळलं, कॅल्शियम बांधलं गेलं, आणि अल्कलाइन फॉस्फटेजला काम करायला जे मॅग्नेशियम आणि झिंक लागतं तेही त्यात अडकलं. नवीन सॅम्पल मागवलं. पोटॅशियम ४.२ आलं.

तो पहिला आकडा गेला असता तर डॉक्टरांनी पोटॅशियम उतरवायची औषधं दिली असती, आणि ज्याचं पोटॅशियम मुळात ठीक होतं त्या माणसाचं ते धोक्याच्या पातळीपर्यंत खाली गेलं असतं. मशीनची त्यात काहीही चूक नव्हती. त्याच्यात जे घातलं ते त्याने अचूक मोजलं होतं. रक्त कुठून आलं, कसं आलं, कुणाचं आहे आणि हे तीन आकडे एका जिवंत माणसात एकत्र असू शकतात का, हे त्याला कळायचं कारण नव्हतं. तेवढं कळण्यासाठी आम्ही तिथे असतो. रिपोर्ट सोडायचा की रोखून धरायचा, हा निर्णय दिवसातून शेकडो वेळा घ्यावा लागतो आणि बहुतेक वेळा तो काही सेकंदांत होतो. तुझं शिक्षण त्या सेकंदांसाठी आहे.

आता शिक्षणाकडे येते. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी हवं. त्यानंतर साधारण दोन वाटा आहेत. मेडिकल लॅब टेक्नॉलॉजीचा डिप्लोमा, ज्याला सगळे डीएमएलटी म्हणतात, आणि पदवी, म्हणजे बीएमएलटी किंवा बीएस्सी एमएलटी. पुढे एमएस्सी करून हिमॅटॉलॉजी (रक्तपेशी), क्लिनिकल बायोकेमिस्ट्री (रक्तातली रसायनं), मायक्रोबायोलॉजी (जंतू) यांपैकी एकात विशेष शिक्षण घेता येतं. टेक्निशियन आणि टेक्नॉलॉजिस्ट हे शब्द बोलताना सरमिसळ वापरले जातात. पण साधारण धरायचं झालं तर टेक्निशियन ठरलेल्या पद्धतीने टेस्ट लावतो. टेक्नॉलॉजिस्ट त्याच्या जोडीने कॅलिब्रेशन (मशीनचं माप जुळवणं), क्वालिटी कंट्रोल, नव्या पद्धतीची पडताळणी आणि अडलेल्या रिझल्टचा उलगडा याची जबाबदारी घेतो. भारतात २०२१ साली अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्ससाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला, त्यात वैद्यकीय प्रयोगशाळेच्या कामाला स्वतंत्र वर्ग मिळाला. त्या कायद्याने अलाइड हेल्थ प्रोफेशनलसाठी किमान २००० तासांचं आणि हेल्थकेअर प्रोफेशनलसाठी किमान ३६०० तासांचं शिक्षण धरलं आहे. इंग्लंडमध्ये बायोमेडिकल सायंटिस्ट हे पदनाम नावापुढे लावायचं तर हेल्थ अँड केअर प्रोफेशन्स कौन्सिलकडे नोंदणी असावीच लागते. अमेरिकेत पदवीनंतर सर्टिफिकेशनची परीक्षा देतात. तिथे पॅथॉलॉजिस्टांच्या संस्थेने असं सर्टिफिकेशन १९२८ पासून सुरू केलं. कोणती टेस्ट किती अवघड आणि ती लावायला कोणतं शिक्षण हवं, हे तिथे १९८८ च्या क्लिया कायद्याने ठरतं. म्हणून कुठेही प्रवेश घेताना त्या अभ्यासक्रमाला त्या देशाच्या नियामकाची मान्यता आहे का, हे आधी बघायचं. बाकी सगळं नंतर.

माझं मत विचारशील तर परिस्थिती असेल तर पदवी कर. डिप्लोमा करून अतिशय उत्तम काम करणारी माणसं मी पाहिली आहेत, माझ्या वरच्या गोष्टीतल्या मॅडम त्यांतल्याच. पण त्यांनी जे कमावलं ते पंधरा-वीस वर्षं बेंचवर घासून, चुका सोसून कमावलं. पदवीत शरीरक्रियाशास्त्र, इम्युनॉलॉजी आणि संख्याशास्त्र नीट शिकवलं जातं, आणि ‘हा आकडा असा का आला असेल’ हा विचार करायला तेच उपयोगी पडतं. इंटर्नशिपचे महिने मात्र दोन्हींत सारखेच मोलाचे. पुस्तकात हिमोलिसिसचं, म्हणजे लाल पेशी फुटल्याचं, चित्र शंभर वेळा बघितलं तरी हातात ट्यूब धरून ‘ही किती लाल म्हणजे टाकून द्यायची’ हे डोळ्याला समजायला बरीच सॅम्पलं हाताखालून जावी लागतात.

कामाबद्दल लोकांचा सगळ्यात मोठा गैरसमज असा की काम मशीनपाशी सुरू होतं. ते सुरू होतं सुई टोचण्याच्या आधी. इटलीतल्या पादुआच्या हॉस्पिटलमधल्या तातडीच्या लॅबचा एक अभ्यास १९९७ साली प्रसिद्ध झाला. सुमारे ४०,००० तपासण्यांत १८९ चुका सापडल्या. त्यांतल्या ६८ टक्के चुका सॅम्पल मशीनपर्यंत पोचायच्या आधीच्या होत्या. मशीनवरच्या चुका होत्या १३ टक्के. उरलेल्या रिझल्ट तयार झाल्यानंतरच्या. मी हे आकडे प्रत्येक नवीन बॅचला सांगते, कारण शिकणाऱ्यांचं सगळं लक्ष मशीनकडे असतं.

रक्त काढताना काय काय बिघडू शकतं ते बघ. हाताला पट्टा एका मिनिटापेक्षा जास्त वेळ बांधून ठेवला तर पाणी शिरेबाहेर जातं आणि प्रोटीन, कॅल्शियम वाढलेलं दिसतं. पेशंटला मूठ उघड-मीट करायला लावली तर पोटॅशियम वाढतं. सलाइन चालू असलेल्या हातातून रक्त घेतलं तर तुम्ही पेशंट मोजत नाही, बाटली मोजता. बल्ब भरायचाही क्रम ठरलेला आहे: आधी ब्लड कल्चर, मग निळं टोपण, मग लाल किंवा पिवळं, मग हिरवं, मग जांभळं, शेवटी करडं. तो क्रम पाठ करून भागत नाही. एका बल्बमधलं औषध पुढच्यात गेलं तर पुढची कुठली टेस्ट बिघडेल, हे माहीत असेल तर क्रम आपोआप लक्षात राहतो. निळ्या टोपणाच्या बल्बमध्ये नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट, म्हणजे रक्त गोठू न देणारं द्रावण, असतं. बल्ब खुणेपर्यंत भरला नाही तर सायट्रेट जास्त होतं आणि पीटी, म्हणजे रक्त गोठायला लागणारा वेळ, खोटीच लांबते. ते बघून रक्त पातळ करण्याच्या गोळीचा डोस कमी केला जाऊ शकतो आणि ज्याला गुठळीचा धोका आहे त्याचं संरक्षण जातं. म्हणून अर्धा भरलेला निळा बल्ब आम्ही परत पाठवतो, वॉर्डातले कितीही चिडले तरी.

वेळेचंही तसंच. पेशी वेगळ्या न करता रक्त तसंच ठेवलं तर रक्तातल्या पेशी ग्लुकोज खात राहतात. दर तासाला ५ ते ७ टक्के कमी होतं. करड्या टोपणातलं फ्लोराइड ते थांबवतं, पण लगेच नाही, पहिल्या तास-दोन तासांत घट चालूच राहते. आणि एक गोष्ट, जी चांगल्या चांगल्या लोकांना फसवते: रक्त टिकावं म्हणून न वेगळं केलेलं सॅम्पल रात्रभर फ्रीजमध्ये ठेवलं, तर पेशींमधला पंप थंडीत मंदावतो आणि पोटॅशियम बाहेर झिरपतं. सीरम लाल होत नाही, त्यामुळे कुणाला शंका येत नाही. दूरच्या कलेक्शन सेंटरवरून सकाळी आलेल्या पाच-सहा सॅम्पलांत पोटॅशियम एकसारखं वाढलेलं दिसलं तर पहिला फोन मी तिथे करते. सगळ्या गावाची किडनी एका रात्रीत बिघडत नाही.

आणि ओळख. पेशंटला ‘तुम्ही अमुक ना?’ असं विचारायचं नाही. ‘तुमचं पूर्ण नाव सांगा’ असं विचारायचं. झोपेतला, घाबरलेला, कमी ऐकू येणारा माणूस कुठल्याही नावाला हो म्हणतो. लेबल बल्बवर पेशंटसमोर लावायचं, टेबलावर आधीच लावून ठेवायचं नाही. सांगायला सोपं आहे. सकाळी सात वाजता रांगेत ५० माणसं उपाशीपोटी उभी असताना ते पाळणं अवघड आहे, आणि तिथेच माणसाची पारख होते.

सकाळी मशीन चालू केलं की पहिलं काम कंट्रोल लावायचं. कंट्रोल म्हणजे ज्याचं उत्तर आधीच ठाऊक आहे असं सॅम्पल. आलेलं उत्तर रोज एका आलेखावर मांडतात. लेव्ही आणि जेनिंग्ज या दोघांनी १९५० साली ही पद्धत लॅबमध्ये आणली, म्हणून त्याला लेव्ही-जेनिंग्ज चार्ट म्हणतात. मधे सरासरीची रेघ, वर-खाली एक, दोन, तीन एसडीच्या रेघा. एसडी म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन, आकडे सरासरीपासून किती पसरतात त्याचं माप. सगळं ठीक असतानाही वीसांतला साधारण एक बिंदू नुसत्या योगायोगाने दोन एसडीच्या बाहेर पडतो. मग खरा बिघाड ओळखायचा कसा? १९८१ साली जेम्स वेस्टगार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यासाठी नियमांचा एक संच दिला, तो आजही जगभर वापरतात. एक बिंदू तीन एसडीच्या बाहेर गेला तर रन, म्हणजे टेस्टची ती फेरी, थांबवायचा. लागोपाठ दोन बिंदू एकाच बाजूला दोन एसडीच्या बाहेर गेले तर काहीतरी एका दिशेने सरकलं आहे: रिएजंटचा (टेस्टच्या रसायनाचा) नवा लॉट, कॅलिब्रेशन, तापमान. एकाच रनमधला एक कंट्रोल वर आणि दुसरा खाली, त्यांच्यात चार एसडीचं अंतर, तर बुडबुडा, अडकलेली प्रोब (सॅम्पल ओढणारी सुई), पिपेटिंगची गडबड. आणि लागोपाठ दहा बिंदू सरासरीच्या एकाच बाजूला आले, मग ते रेघांच्या कितीही आत असोत, तरी शोधायला लागायचं.

हा दहाचा नियम मला फार प्रिय आहे. एकदा आमच्याकडे एका टेस्टचा कंट्रोल सलग दहा दिवस सरासरीच्या खाली येत होता. रोज ‘पास’. रोज हिरवी खूण. एका ज्युनियर मुलीने चार्ट पूर्ण महिन्याचा उघडून मला दाखवला. फोटोमीटरचा दिवा म्हातारा होत आला होता. तिने तेव्हा दाखवलं नसतं तर आणखी काही दिवसांनी ते आकडे पेशंटच्या रिपोर्टमध्ये उतरले असते.

याच ठिकाणी सगळ्यात वाईट सवय लागते. कंट्रोल बाहेर गेला की तोच पुन्हा लावायचा, पुन्हा बाहेर गेला तर नवीन व्हायल फोडायची, शेवटी कधीतरी आत येतो, आणि ‘कंट्रोल ओके’ लिहून काम सुरू. मागे वॉर्डचे फोन चालू असतात, मशीनवर रांग असते, सगळं समजतं मला. तरीही सांगते: कारण सापडल्याशिवाय नुसता पुन्हा लावून आत आणलेला कंट्रोल हा कंट्रोल नाही. बाहेरच्या संस्थेकडून जे गुणवत्ता तपासणीचे सॅम्पल येतात, त्यांचंही तसंच. ते रोजच्या सॅम्पलसारखेच, रोजच्याच माणसाने लावायचे. दुसऱ्या लॅबला फोन करून ‘तुमचा किती आला’ विचारायचं नाही. मेडिकल लॅबसाठीचं आयएसओ १५१८९ हे मानक २००३ साली आलं आणि त्याची सध्याची आवृत्ती २०२२ ची आहे. त्या आवृत्तीत पेशंटला होऊ शकणाऱ्या धोक्यावर खूप भर आहे. फायली नीट लावलेल्या असणं वेगळं आणि तो धोका खरोखर कमी करणं वेगळं, हे ऑडिटच्या आदल्या रात्री जागणाऱ्या प्रत्येक लॅबने लक्षात घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

हिमॅटॉलॉजीकडे वळते, कारण मशीन आणि माणूस यांचं नातं तिथे सगळ्यात स्वच्छ दिसतं. वॉलेस कूल्टर यांना १९५३ साली पेटंट मिळालं ते अगदी साध्या कल्पनेचं होतं: बारीक छिद्रातून पेशी गेली की विजेच्या प्रवाहाला क्षणभर अडथळा होतो, तो मोजा, अडथळा जितका मोठा तितकी पेशी मोठी. आजची सीबीसी, म्हणजे रक्तपेशी मोजायची, मशीन याच पायावर उभी आहेत, जोडीला लेझर आले. एका मिनिटात हजारो पेशी मोजणं माणसाला कधीच जमलं नसतं. पण छिद्रातून एकदम वीस प्लेटलेट्सचा गुच्छ गेला तर मशीन त्यांना वीस कसं म्हणणार? काही लोकांच्या प्लेटलेट्स ईडीटीएमध्ये एकमेकींना चिकटतात. शरीरात काही बिघाड नसतो, हे फक्त बल्बमध्ये घडतं. मशीन म्हणतं प्लेटलेट ३८,०००. घरच्यांची झोप उडते, ऑपरेशन पुढे ढकललं जातं. अशा वेळी आधी बल्बमध्ये गुठळी आहे का ते काडीने बघायचं, मग स्मिअर करून, म्हणजे रक्ताचा थेंब काचेवर पातळ पसरून, स्लाइडच्या कडेला बघायचं. तिथे गुच्छ दिसतात. मग सायट्रेटच्या बल्बमध्ये नवीन सॅम्पल घेऊन मोजायचं आणि आलेल्या आकड्याला १.१ ने गुणायचं, कारण सायट्रेटच्या पाण्याने रक्त तेवढं पातळ झालेलं असतं. ३८,००० चे २,१०,००० होताना मी पाहिले आहेत.

हिमोग्लोबिनला तीनाने गुणलं की हिमॅटोक्रिटच्या, म्हणजे रक्तात लाल पेशी किती टक्के आहेत त्याच्या, आसपास आकडा यायला हवा. हा जुना ठोकताळा आजही रोज कामी येतो. पेशी लहान किंवा फिकट असतील तर तो जुळत नाही, ते ठीक. पण एमसीएचसी, म्हणजे लाल पेशींमधलं हिमोग्लोबिनचं प्रमाण, ३७ च्या वर गेलं की थांबायचं. लाल पेशीत त्याहून जास्त हिमोग्लोबिन सहसा मावतच नाही. पेशींवरचा प्लाझ्मा दुधाळ आहे का बघायचं, नाहीतर थंडीत लाल पेशी एकमेकींना चिकटल्या आहेत का बघायचं. बल्ब ३७ अंशांवर थोडा वेळ ठेवून पुन्हा लावला की चिकटलेल्या पेशी सुटतात आणि आकडे जागेवर येतात. आणि ज्या दिवशी मशीन फक्त एक लहानसा फ्लॅग देतं, पांढऱ्या पेशी थोड्याच वाढलेल्या असतात, आणि स्लाइडवर मोठ्या, ठसठशीत केंद्रिकेच्या ब्लास्ट पेशी, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरची शंका आणणाऱ्या कच्च्या पेशी, दिसतात, त्या दिवशी आपण कुणाच्या तरी आयुष्यातली फार मोठी बातमी सगळ्यांत आधी पाहिलेली असते. ती स्लाइड त्याच क्षणी पॅथॉलॉजिस्टकडे न्यायची. ‘उद्या सकाळच्या स्लाइड्सबरोबर’ नाही.

हार्मोनच्या टेस्टमध्ये सापळे वेगळे. केसांसाठी घेतात त्या बायोटिनच्या मोठ्या डोसच्या गोळ्या काही पद्धतींमध्ये गोंधळ घालतात. थायरॉइडच्या टेस्टमध्ये टीएसएच खोटंच कमी आणि टी-४ खोटंच जास्त दिसतं, म्हणजे थायरॉइड जोरात आहे असं चित्र तयार होतं. हार्ट अटॅक ओळखायचं ट्रोपोनिनही खोटंच कमी दिसू शकतं, म्हणून अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामकाने २०१७ साली याबद्दल सावध केलं. रिझल्ट आणि माणूस जुळत नसेल तर ‘काही गोळ्या चालू आहेत का’ हा एक प्रश्न पुरतो.

ब्लड बँकेबद्दल थोडक्यात सांगते, तिथे थोडक्यात चालत नाही तरी. कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ साली रक्तगट मांडले तेव्हापासूनचं मूळ तत्त्व तेच आहे. पेशींवरून गट काढायचा आणि सीरमवरून उलटा पडताळायचा. दोन्ही जुळले तरच गट लिहायचा. नाही जुळले तर कारण शोधायचं. नवजात बाळाचा उलटा गट ग्राह्य धरत नाहीत, कारण त्याची स्वतःची अँटिबॉडी अजून तयार झालेली नसते. चुकीच्या गटाचं रक्त चढण्यामागे बहुतेक वेळा सापडतं ते लेबल, नाव, नंबर. केमिस्ट्री क्वचितच. तिथे काम करताना मी दुसऱ्याचं वाक्य मधेच तोडत नाही आणि माझं कुणाला तोडू देत नाही.

मायक्रोबायोलॉजी हा धीराचा विभाग. टीबीसाठी थुंकीची स्लाइड निगेटिव्ह लिहायची तर तेलाच्या लेन्सखाली किमान १०० फील्ड बघायची असतात. नव्वदाव्या फील्डला डोळे दुखतात आणि ‘काही नाहीये’ असं मन सांगायला लागतं. बघायचंच. अँटिबायोटिकची चाचणी लावताना प्लेटमधल्या माध्यमाची जाडी ४ मिलिमीटर असावी लागते. जाड झाली तर औषध खोलवर पसरतं, औषधाभोवती जंतू न वाढलेलं वर्तुळ लहान येतं आणि चालणारं औषध ‘रेझिस्टंट’ म्हणून लिहिलं जातं. कुणाला तरी उगीच महागडं आणि जहाल इंजेक्शन मिळतं, कारण प्लेट ओतताना हात सैल होता.

रिझल्ट खरा आहे याची खात्री झाली की तो वेळेत पोचवणं हाही कामाचाच भाग आहे. जीवाला धोका असलेल्या आकड्यांना क्रिटिकल व्हॅल्यू म्हणतात. ही कल्पना १९७२ साली जॉर्ज लंडबर्ग यांनी मांडली. प्रत्येक लॅबची यादी डॉक्टरांबरोबर बसून ठरवलेली असते. असा आकडा कॉम्प्युटरवर टाकून भागत नाही. फोन करायचा, पेशंटचं नाव आणि आकडा सांगायचा, समोरच्याला तो परत म्हणायला लावायचा, आणि कुणाला, किती वाजता कळवलं ते लिहायचं. फोन उचलला नाही तर दुसरा नंबर. तोही नाही तर चालत जायचं. मी गेले आहे.

जे आपलं काम नाही तेही सांगते. रिपोर्ट बघून निदान सांगणं आपलं काम नाही. काउंटरवर पेशंट रडवेला होऊन ‘काही गंभीर नाही ना?’ विचारतो, तेव्हा ‘डॉक्टरांना आजच दाखवा’ एवढंच आणि मायेने सांगायचं. शेजारच्या काकूंचा रिपोर्ट आला तर त्याबद्दल घरी एक शब्द बोलायचा नाही. आणि न लावलेल्या टेस्टचा आकडा कधीही, कुणाच्याही सांगण्यावरून लिहायचा नाही. रिएजंट संपला असेल तर ‘टेस्ट उपलब्ध नाही’ असं लिहायचं. हे सांगायची वेळ यावी याचं मला वाईट वाटतं, पण तुझ्यावर असा दबाव कधीतरी येईल, म्हणून आत्ताच सांगून ठेवते. मी यावरून एक नोकरी सोडली आहे.

स्वतःची काळजीही घ्यायची. कोर्स सुरू होतानाच हिपॅटायटिस बीचे तीन डोस पूर्ण कर आणि नंतर अँटिबॉडी तपासून घे. १० च्या वर हवी. सुईला टोपण परत लावायचं नाही. सुई टोचलीच तर साबण-पाण्याने धुऊन लगेच कळवायचं. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, आणि जितकी लवकर तितकी चांगली. ओरडा बसेल म्हणून लपवणारी मुलं मी पाहिली आहेत. लपवायचं नाही.

तुला हे जमेल का, असं तू विचारलं नाहीस, पण मनात असणारच. रक्ताची सवय आठवड्याभरात होते. हाताची सफाई सहा महिन्यांत येते. जे शिकवून येत नाही ते म्हणजे चुकलेला आकडा टोचत राहणं. हिशेबात एक रुपया जुळला नाही तर तुला झोप येत नसेल, तर तू इथे चांगलं काम करशील. रात्रपाळी असते, सणाच्या दिवशी ड्यूटी असते, पेशंट तुझं नाव कधीच विचारणार नाही, आणि पगार सुरुवातीला तुझ्या कष्टाच्या मानाने कमी वाटेल. हे घरच्यांनाही सांग, लपवू नकोस.

प्रवेश घेण्याआधी कॉलेजमध्ये प्रत्यक्ष जाऊन ये. इंटर्नशिप कुठल्या लॅबमध्ये असते आणि तिथे रोज किती सॅम्पलं येतात, ते विचार. स्मिअर आणि ग्रुपिंग विद्यार्थी स्वतःच्या हाताने करतात की लांबून बघतात, ते सीनियर विद्यार्थ्यांना विचार; ते खरं सांगतील. ब्लड बँक आणि मायक्रोबायोलॉजी, दोन्हींत पोस्टिंग मिळतं का बघ. आणि जमलं तर लॅबमधला या महिन्याचा कंट्रोलचा चार्ट दाखवा म्हणून विनंती कर. सगळे बिंदू रेघेवर शिस्तीत बसलेले असतील आणि कागद कोरा करकरीत असेल, तर जरा जपून. बिंदू वर-खाली असतील, मधे एखादा बाहेर गेलेला असेल आणि त्याच्या शेजारी पेनने तारीख, कारण, काय केलं आणि कुणी केलं ते लिहिलेलं असेल, तर तिथे फॉर्म भर.